गाडी धावत राहिली

मोटारींच्या शर्यती हा आपल्या मराठी घरात रविवारी पोहे खाताना निघणारा विषय नव्हे. क्रिकेट निघतं, नाटक निघतं, फार तर कुस्ती निघते. शर्यत म्हटली की आपल्याला शंकरपट आठवतो, नाहीतर मुंबईचं महालक्ष्मीचं रेसकोर्स. तरीही आज मी ब्रुस मॅक्लारेन या न्यूझीलंडच्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे. त्याचं कारण माझ्या जुन्या नोकरीत आहे.

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतले लहान कारखानदार टेबलासमोर येऊन बसत. कुणाचं लेथ मशीन, कुणाचं प्रेसचं काम, कुणाचे स्कूटरचे सुटे भाग. ताळेबंद पाहून झाला, जामीनदार पाहून झाले, शेडला भेट देऊन झाली की शेवटी एक प्रश्न उरायचा. तो कुठल्याही छापील अर्जात नसे. हा माणूस उद्या नसला तर हा कारखाना चालेल का? बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थीच असे. चाव्या मालकाच्या खिशात, गिऱ्हाइकं मालकाच्या ओळखीची आणि हिशेब मालकाच्या डोक्यात. मालक गेला की तेराव्यानंतर भावाभावांत बोलणी सुरू होत आणि वर्षभरात शेडला कुलूप लागे.

मॅक्लारेन वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याची कंपनी तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. आज ती साठी ओलांडून गेली आहे. हे कसं झालं, याचं कुतूहल मला त्याच्या आयुष्याकडे घेऊन गेलं.

ब्रुसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. एव्हरेस्टवर पहिलं पाऊल ठेवणारे एडमंड हिलरीही याच शहरातले. ब्रुसचे वडील लेस मॅक्लारेन यांचा पेट्रोलपंप होता आणि त्याला लागूनच गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. ऑईलचा वास, पान्यांचा खणखणाट आणि उघडी पडलेली इंजिनं यांतच पोर वाढलं. पण नवव्या वर्षी एक संकट आलं. मुलगा लंगडायला लागला. तपासणीत पर्थेस नावाचा आजार निघाला. यात मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्तपुरवठा नीट होत नाही आणि वाढत्या वयात हाड झिजत जातं. त्या काळी यावर औषध म्हणजे पाय वजनाने ताणून बांधायचा आणि मुलाला निजवून ठेवायचं. ब्रुसची दोनेक वर्षं अशा मुलांसाठी असलेल्या रुग्णालयात गेली. मित्र मैदानावर रग्बी खेळत होते आणि हा छताकडे पाहत पडून होता. उठला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड झाला होता. चालण्यातलं ते लंगडणं जन्मभर राहिलं.

अशा मुलाचे वडील एरवी त्याला जपून ठेवतील, दुकानाच्या गल्ल्यावर बसवतील. लेस मॅक्लारेननी वेगळं केलं. त्यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार विकत घेतली, तीही मोडक्या अवस्थेत. ऑस्टिन सेव्हन म्हणजे इंग्लंडातल्या मध्यमवर्गाची लहान गाडी. आपल्याकडे एके काळी स्कूटरला जे स्थान होतं तेच तिकडे तिला होतं. बापलेकांनी मिळून ती जुळवली. चौदा-पंधरा वर्षांचा ब्रुस ती घेऊन डोंगरचढणीच्या स्थानिक शर्यतीत उतरला. पुढे इंजिनिअरिंगच्या अभ्यासाला नाव घातलं, पण मन गॅरेजमध्येच होतं. १९५८ साली न्यूझीलंडच्या मोटारशर्यतवाल्यांनी एक शिष्यवृत्ती काढली. होतकरू चालकाला युरोपात पाठवायचं, असा तिचा उद्देश. पहिली निवड झाली ती वीस वर्षांच्या ब्रुसची.

इंग्लंडात त्याला आश्रय मिळाला तो कूपर नावाच्या घरगुती कंपनीत. बाप आणि मुलगा मिळून ती चालवत. त्यांनी इंजिन चालकाच्या पुढे न ठेवता पाठीमागे ठेवलं आणि साऱ्या शर्यतजगाची दिशा बदलली. तिथे ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम हा ब्रुसचा थोरला भाऊ, गुरू आणि संघसोबती असं सगळं एकदम झाला. त्याच वर्षी जर्मनीच्या शर्यतीत ब्रुसने लहान इंजिनाची गाडी घेऊन मोठ्या गाड्यांच्या मेळ्यात पाचवा क्रमांक पटकावला. पुढच्या वर्षी, १९५९ च्या मे महिन्यात, तो पहिल्यांदा मोनॅकोच्या रस्त्यावर उतरला. या गावाशी त्याचं नातं शेवटपर्यंत राहिलं, म्हणून मोनॅकोची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी.

मोनॅको हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं चिमुकलं संस्थान आहे. क्षेत्रफळ अवघं दोन चौरस किलोमीटर. तिथे शर्यतीसाठी वेगळं मैदान नाही, कारण तेवढी जागाच नाही. १९२९ पासून तिथले लोक वर्षातले काही दिवस गावातले रोजचे रस्ते बंद करतात आणि त्यांवरच शर्यत लावतात. आपल्या शहरात पैठण गेटपासून निघायचं, टिळक पथावरून गुलमंडीला वळायचं, मछली खडकातून सिटी चौक गाठायचा आणि सराफ्यातून शहागंजकडे जायचं. दुकानांच्या पायऱ्यांशी लोखंडी कठडे बांधलेले आहेत, गच्च्यांवर माणसं दाटली आहेत आणि मधून वीस मोटारी सुसाट निघाल्या आहेत, अशी कल्पना करा. त्यात एक चढ घाला, एक बोगदा घाला आणि एका अंगाला बंदराचं पाणी घाला. झालं मोनॅको.

एका फेरीची लांबी तेव्हा तीन किलोमीटरहून थोडी जास्त होती आणि अशा १०० फेऱ्या मारायच्या. इतर ठिकाणी चूक झाली तर गाडी गवतात जाते, इथे ती भिंतीवर जाते. १९५५ साली अल्बर्टो अस्कारी हा इटलीचा विश्वविजेता गाडीसकट बंदरात जाऊन पडला होता. पोहत बाहेर आला म्हणून वाचला. रस्ता अरुंद असल्याने पुढच्याला मागे टाकणं महाकठीण. वळणामागून वळण, त्यामुळे हात सतत गिअरच्या दांड्यावर आणि डावा पाय सतत क्लचवर. शंभर फेऱ्यांत गिअर हजाराच्या वर वेळा बदलावे लागत. ब्रुसचा आखूड पाय डावाच होता, हे इथे ध्यानात घ्यायला हवं.

१० मे १९५९ च्या त्या पहिल्या खेपेला तो पाचवा आला. जागतिक अजिंक्यपदाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे पहिले गुण लागले ते या रस्त्यावर. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या सेब्रिंगला शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या ब्रॅबमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं आणि मागून येणारा ब्रुस जिंकला. वय २२ वर्षं १०४ दिवस. इंडियानापोलिसची निराळ्या धाटणीची शर्यत सोडली, तर इतक्या लहान वयात ग्रां प्री कुणी जिंकली नव्हती. फर्नांडो अलोन्सोने २००३ साली तो विक्रम मोडेपर्यंत त्रेचाळीस वर्षं गेली. १९६० साली ब्रुस मोनॅकोत दुसरा आला, वर्षअखेरच्या तक्त्यातही ब्रॅबमच्या पाठोपाठ दुसरा.

ब्रॅबम स्वतःची कंपनी काढायला बाहेर पडला आणि १९६२ साली कूपरच्या संघाची धुरा ब्रुसकडे आली. ३ जून १९६२ रोजी मोनॅकोत ग्रॅहम हिल आरामात पुढे होता. शेवटच्या आठेक फेऱ्या राहिल्या असताना त्याच्या इंजिनाने मान टाकली. ब्रुस पुढे आला. मागून फेरारी गाडीतला फिल हिल एकेका फेरीत अंतर कापत होता. शंभर फेऱ्यांनंतर दोघांत अंतर उरलं १.३ सेकंद. पावणेतीन तासांच्या वर चाललेल्या शर्यतीत एवढंसं अंतर राखायचं, तेही भिंतीला न घासता, याला वेगापेक्षा स्वभाव लागतो. ब्रुस हा सर्वांत वेगवान चालक होता असं त्याचे चाहतेही म्हणत नाहीत. तो गाडी सांभाळून आणणारा होता. गाडीला काय दुखतं हे त्याला कळायचं आणि ते इंजिनिअरला नीट सांगताही यायचं.

कूपर कंपनी मात्र आता सुस्तावली होती. ब्रुसला न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींसाठी वेगळ्या गाड्या हव्या होत्या आणि कंपनी तयार नव्हती. म्हणून १९६३ साली त्याने स्वतःची कंपनी स्थापन केली. लंडनजवळ न्यू मॉल्डनला एका शेडमध्ये तिचा संसार मांडला. जमीन मातीची, आणि त्याच शेडमध्ये रस्ते सपाट करायचं एक अवजड यंत्र उभं. आपल्या औद्योगिक वसाहतींत अशा शेड मी डझनांनी पाहिल्या आहेत. बोधचिन्ह म्हणून त्यांनी न्यूझीलंडचा किवी पक्षी घेतला. किवीला उडता येत नाही. शर्यतीच्या गाडीवर त्याचं चित्र लावायचं म्हणजे थोडा थट्टेचाच मामला.

सुरुवातच दुःखाची झाली. संघातला तरुण अमेरिकन चालक टिमी मेयर १९६४ च्या फेब्रुवारीत टास्मानियात सरावाच्या वेळी अपघातात गेला. त्याचा भाऊ टेडी मेयर कायद्याचा पदवीधर. घर सावरायला परत जाण्याऐवजी तो ब्रुसकडे राहिला आणि पुढे कंपनीचा कारभार त्याने पाहिला. टायलर अलेक्झांडर हा मेकॅनिक असाच राहिला. विमानांच्या संशोधन संस्थेतून रॉबिन हर्ड नावाचा तरुण अभियंता आला. ब्रुसचा मोठेपणा मला इथे दिसतो. गाडी चालवायला तो, तपासायला तो, नावही त्याचंच. पण हिशेब त्याने मेयरकडे सोपवले, आराखडे हर्डकडे, जुळणी अलेक्झांडरकडे. मालक आपल्याबरोबर बसून पाना फिरवतो आणि आपलं म्हणणं ऐकतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

२२ मे १९६६ रोजी मॅक्लारेन हे नाव लावलेली गाडी पहिल्यांदा फॉर्म्युला वनच्या जागतिक शर्यतीत उतरली. ठिकाण मोनॅकोच. त्या वर्षी तिथे हॉलिवूडच्या मोटारशर्यतींवरच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. पैशाची निकड असल्याने ब्रुसने आपली गाडी चित्रपटातल्या गाडीसारखी पांढरी, हिरव्या पट्ट्याची रंगवून घेतली. अमेरिकन इंजिन कानठळ्या बसवणारं होतं, पण जोर बेताचा. नऊ फेऱ्या झाल्या आणि ऑईल गळू लागल्याने गाडी थांबवावी लागली. एका मोठ्या घराण्याची मोनॅकोतली पहिली नोंद ही अशी आहे. पुढच्याच महिन्यात ब्रुसने ख्रिस अमोनच्या जोडीने फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, पण ती फोर्ड कंपनीसाठी. दुसऱ्यांच्या गाड्या चालवून आणि तपासून मिळणारा पैसा स्वतःच्या कंपनीत घालायचा, हा त्याचा शिरस्ता होता. बँकेच्या भाषेत याला स्वतःचं भांडवल म्हणतात, आणि कर्ज देणाऱ्याला ते पाहून बरं वाटतं.

दिवस हळूहळू पालटले. १९६७ साली मोनॅकोत ब्रुस आपल्या गाडीने चौथा आला. १९६८ च्या गाडीचा आराखडा हातावेगळा करून हर्ड दुसरीकडे निघून गेला. तरीही गाडी उभी राहिली. ९ जून १९६८ रोजी बेल्जियममध्ये ब्रुस स्वतःच्या नावाच्या गाडीतून जिंकला. पुढे असलेल्या जॅकी स्ट्युअर्टला अखेरीस पेट्रोलसाठी थांबावं लागलं होतं आणि आपण पहिले आलो हे ब्रुसला गाडी थांबवल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. त्याच वर्षी आधीचा विश्वविजेता डेनी हल्म त्याच्या संघात आला. तोही न्यूझीलंडचाच. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत तर दोघांनी कुणाला उभंच राहू दिलं नाही. १९६९ साली ११ पैकी ११ शर्यती जिंकल्या, सहा ब्रुसने आणि पाच हल्मने. पिकल्या पपईच्या रंगाच्या त्या गाड्या तेव्हापासून ओळखीच्या झाल्या. तिथल्या बक्षिसांच्या रकमा घसघशीत असत आणि त्यांवर घरचा गाडा चाले.

१० मे १९७० ला पुन्हा मोनॅको. पहिले गुण मिळवले त्याला त्या दिवशी अकरा वर्षं पुरी होत होती. गाडी कठड्याला लागली आणि ब्रुसची शर्यत एकोणिसाव्या फेरीच्या सुमारास संपली. त्याचा जुना गुरू ब्रॅबम शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. तिथे गाडी घसरली आणि योखेन रिंट जिंकला. ब्रुसची ही शेवटची ग्रां प्री ठरली. दोनच दिवसांनी इंडियानापोलिसला सरावात गाडीतल्या इंधनाने पेट घेतला आणि हल्मचे दोन्ही हात भाजले.

२ जून १९७० रोजी ब्रुस इंग्लंडातल्या गुडवूडला नवी कॅन-ॲम गाडी तपासत होता. सरळ रस्त्यावर भर वेगात गाडीचं मागचं आच्छादन उचकटून उडालं. वाऱ्याच्या दाबाने गाडी जमिनीला घट्ट धरून ठेवणारा पंख त्या आच्छादनावरच होता. तो गेल्याबरोबर मागच्या चाकांची पकड सुटली, गाडी गरगरत एका बांधकामावर आदळली आणि ब्रुस जागीच गेला. मागे पत्नी पॅटी आणि लहानगी मुलगी अमांडा.

मेयरने कामगारांना दुसऱ्या दिवशी येऊ नका असं सांगितलं. सगळे आले. ज्या गाडीने मालकाचा जीव घेतला, तिच्याच जोडीच्या गाड्या बारा दिवसांत कॅनडात पोचवायच्या होत्या. १४ जूनला मोसपोर्टला डॅन गर्नी हा अमेरिकन चालक ब्रुसच्या जागी बसला आणि जिंकला. भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून हल्म तिसरा आला. त्या हंगामातल्या दहापैकी नऊ शर्यती या संघाने जिंकल्या.

माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या कारखानदारांची मला इथे आठवण होते. त्यांच्यातले कितीतरी ब्रुसइतकेच कष्टाळू होते, काही त्याच्याहून हुशारही असतील. फरक पडायचा तो एकाच ठिकाणी. आपल्या हाताखालच्या माणसाला आपल्याइतकं कळू द्यायचं, याची त्यांना भीती वाटे. शिकला की सोडून जाईल, शेजारी शेड टाकील, ही ती भीती. ती अगदीच खोटी नव्हती, कारण हर्डही निघून गेलाच होता. पण माणूस गेला तरी शिकवलेलं काम मागे उरतं, हा हिशेब ब्रुसला उमगला होता. लहानपणी दोन वर्षं दुसऱ्यांच्या हातांवर अवलंबून राहिलेल्या मुलाला दुसऱ्यांवर विसंबणं सोपं गेलं असेल, असं मला आपलं वाटतं.

पुढचा इतिहास मोठा आहे. १९७४ साली एमर्सन फिटिपाल्डीने या संघाला पहिलं जागतिक अजिंक्यपद मिळवून दिलं, १९७६ साली जेम्स हंटने दुसरं. मोनॅको मात्र हुलकावणी देत राहिलं. १९८० नंतर कंपनीची सूत्रं रॉन डेनिसकडे गेली. नाव तेच राहिलं. अखेर १९८४ साली भर पावसात ३१ फेऱ्यांवर थांबवलेल्या शर्यतीत अलेन प्रॉस्टने मॅक्लारेनची गाडी मोनॅकोत पहिली आणली. तारीख होती ३ जून. बावीस वर्षांपूर्वी याच तारखेला ब्रुस तिथे जिंकला होता.

मग धरण फुटावं तसं झालं. १९८४ ते १९९३ या दहा वर्षांत नऊ वेळा हाच संघ तिथे जिंकला. प्रॉस्ट चार वेळा, आयर्टन सेन्ना सलग पाच वेळा. एकट्या १९८७ चा अपवाद, आणि त्या वर्षीचा विजेताही सेन्नाच, फक्त गाडी लोटसची. २००८ साली लुइस हॅमिल्टन जिंकला. त्या शर्यतीत आपल्या फोर्स इंडिया संघाचा आड्रियन सुटिल शेवटाकडे चक्क चौथा होता, पण मागून फेरारी आदळली आणि तोंडचा घास गेला. नंतर मॅक्लारेनला सतरा वर्षं वाट पाहावी लागली. २५ मे २०२५ रोजी लँडो नॉरिसने मोनॅकोत मॅक्लारेनचा सोळावा विजय नोंदवला. गाडीचा रंग पुन्हा तोच, पिकल्या पपईचा.

या सोळा विजयांत ब्रुसचा एकही नाही. स्वतःच्या नावाची गाडी घेऊन मोनॅकोत तो पाच वेळा उतरला, त्यातल्या तीन वेळा गाडी अर्ध्यात थांबली आणि चौथ्या क्रमांकाच्या पुढे तो कधी गेला नाही. त्याचा तिथला एकुलता विजय कूपरच्या खात्यावर जमा आहे. खातेवहीच्या भाषेत बोलायचं तर पेरणी त्याची आणि पीक इतरांच्या नावावर. पण ज्या मेकॅनिकांना त्याने मातीच्या शेडमध्ये काम शिकवलं, त्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी आणखी पुढच्यांना. आज त्या कंपनीत ब्रुसला पाहिलेलं क्वचितच कुणी असेल. तरी दर वर्षी मे-जून आला की मोनॅकोचे रस्ते बंद होतात आणि त्याच्या नावाच्या दोन गाड्या रांगेत येऊन उभ्या राहतात.